खिडकीवरचं फील्डवर्क

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यात एक कलम असं आहे की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. सुरतेतलं जवळपास प्रत्येक कॉलेज या आकड्यात बसतं. आता प्रश्न येतो ‘प्रशिक्षित’ कुणाला म्हणायचं हा. अमेरिकेत वसतिगृह, प्रवेश, शिष्यवृत्ती, तक्रारी, समुपदेशन अशा वर्गाबाहेरच्या सगळ्या कामांची मिळून एक स्वतंत्र पदव्युत्तर पदवी असते. त्या विचाराचा पाया घालणारा दस्तऐवज तिथे 1937 मध्येच निघाला होता. आपल्याकडे अशी पदवी रुळलेली नाही. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेली, मानसशास्त्रात एम.ए. झालेली किंवा समुपदेशनाची पदविका घेतलेली मुलं-मुली या कामावर येतात, पुढेही तीच येतील. म्हणून त्यांच्या शिक्षणात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किती, कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली असावा, हा वाद सुरतेपुरता तरी आताच घालायला हवा. पुढच्या संवादातले प्राध्यापक हे कल्पलेलं पात्र आहे, पण त्यांचे आक्षेप खरे आहेत आणि त्यातले दोन मला मान्य करावे लागतात.

प्राध्यापक : फील्डवर्क वाढवा, असं तुम्ही सगळे म्हणता. हिशेब कोण करतो? दोन वर्षांची चार सत्रं. त्यात तरुण वयाचं मानसशास्त्र, जात आणि स्थलांतर, कायदे, संशोधनाच्या पद्धती. एमएसडब्ल्यूचे आठवड्यातले दोन दिवस आधीच बाहेर जातात. डॉक्टर आधी शरीररचना शिकतो आणि मग वॉर्डात जातो. आमच्या मुलांनी काही न वाचता वॉर्डात जायचं का?

लेखक : सर, डॉक्टरांचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. साडेचार वर्षं शिकल्यावरही त्यांना वर्षभराची इंटर्नशिप चुकत नाही आणि ती पुरी केल्याशिवाय स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. शिक्षक घडवताना आपण हेच मान्य केलं. 2014च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि त्यात 20 आठवडे शाळेतल्या कामाचे ठेवले. एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका वर्षभराची आहे, त्यातले शेवटचे तीन महिने प्रत्यक्ष कामाचे असतात. अमेरिकेत या विषयाच्या पदवीसाठी जे व्यावसायिक मानक धरतात, ते किमान 300 तास देखरेखीखालचं काम मागतं आणि तेही दोन वेगवेगळ्या ठिकाणी. विद्यार्थ्यासमोर बसायचं काम नुसत्या पुस्तकावर शिकवता येतं, असं यांपैकी कुणीच मानत नाही. तरीही तासांवरून मी भांडणार नाही. माझा मुद्दा जागेचा आहे. आपण प्रशिक्षणार्थीला थेट समुपदेशनाच्या खोलीत किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेत पाठवतो. माझ्या मते सुरतेत तिची पहिली जागा कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी असायला हवी.

प्राध्यापक : खिडकीपाशी? ते क्लार्कचं काम झालं. पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या मुलीला तुम्ही फॉर्म भरायला बसवणार?

लेखक : त्या खिडकीवर कोण येतं ते आधी पाहू. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या पट्ट्यात खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबारहून तापीकाठच्या रेल्वेने ती इथे आली आणि कापडाच्या धंद्यात शिरली. बाप लूमच्या खात्यावर, पाळी बारा तासांची, पगार बहुधा रोख. आई घरी बसून साडीला टिकल्या किंवा लेस लावते, नगावर पैसे मिळतात. मुलगी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकली. सुरत महापालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते, हे या शहराचं मोठेपण आहे. पण ती मुलगी वीर नर्मद विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात आली की ते मराठी मागे राहतं आणि समोर गुजराती-इंग्रजी कागद येतात. तिच्या पिशवीत काय असतं? शाळेची एलसी, बापाचा धुळ्याच्या प्रांत कार्यालयातून काढलेला जातीचा दाखला आणि इथल्या मामलतदाराकडचा ‘आवकनो दाखलो’, म्हणजे उत्पन्नाचा. तो काढतानाच घाम फुटलेला असतो, कारण रोखीच्या पगाराची स्लिप कुठून आणायची? खिडकीवरचा माणूस जातीचा दाखला उलटून पाहतो आणि म्हणतो, महाराष्ट्र का है, नहीं चलेगा. तो उद्धट असेल, पण चुकीचं बोलत नसतो. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये सांगितलं की अनुसूचित जाती-जमातीचं आरक्षण मूळ राज्यात मिळतं. नोकरीधंद्यासाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्याला तिथे ते मागता येत नाही. 1994च्या निकालाने हेही स्पष्ट झालं की जातीचं नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असलं तरी फरक पडत नाही. नंदुरबारच्या भिल्ल कुटुंबातली मुलगी सुरतेत जन्मली, सुरतेतच वाढली, तरी कागदावर तिचं मूळ तापीच्या वरच्या अंगालाच राहतं. आता तिने शिष्यवृत्ती कुठल्या राज्याकडे मागायची? रहिवासाचा पुरावा कोणता द्यायचा? जातीवर न चालणारी, गुण आणि उत्पन्नावर चालणारी मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना तिला लागू पडते का? योजनेची मुदत कधी संपते? खिडकीवर हे कुणी सांगत नाही. मुलगी परत जाते आणि पुन्हा येत नाही. फी थकते, हजेरी घसरते, आणि मार्चमध्ये एखादे सर तिला समुपदेशकाकडे पाठवतात. तिथे नोंद होते ‘परीक्षेचा ताण’. ताणाची सगळी मापनं शिकलेल्या, पण हे कागद कधी हातात न घेतलेल्या समुपदेशकाला ती मुलगी कळणार कशी?

प्राध्यापक : कळणार नाही, हे मान्य. पण याचा उपाय म्हणजे क्लार्कला नीट प्रशिक्षण देणं.

लेखक : तेही द्यावं. पण क्लार्कसमोर अर्ज येतो आणि तो अर्जच बघतो. प्रशिक्षणार्थीने बघायचं ते अर्ज घेऊन आलेलं माणूस. समुपदेशनाच्या दारावर पाटी असते आणि त्या पाटीखालून आत जाताना कुणी पाहील ही भीती मुलांना असते. शिष्यवृत्तीच्या रांगेत उभं राहायला कुणी लाजत नाही. शहरातली अडचणीत असलेली मुलं वर्षातून एकदा तरी आपणहून चालत येतात अशी कॉलेजातली ती एकच जागा आहे. तिथे बसणाऱ्या प्रशिक्षणार्थीने फॉर्म भरून द्यायचा नाही. कोण अर्धा कागद घेऊन परत गेलं, कोण दुसऱ्यांदा आलं नाही, कुणाच्या बापाऐवजी शेजारी आला, हे टिपायचं आणि त्यांच्यामागे जायचं. पुस्तकात ज्याला आपण गरजेची ओळख म्हणतो, ती इथे होते. याला आपल्याकडे जुना दाखलाही आहे. भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले होते. पुढे त्यांनी साताऱ्याला 1924 मध्ये बोर्डिंग काढलं तेव्हा मुलाला शिकवायचं तर आधी त्याच्या जेवणाचं आणि झोपण्याचं पाहावं लागतं, हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागलं नाही. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली, तीही खेड्यातल्या मुलाला शहरात काय नडतं ते पाहून. सुरतेत कुंवरजी आणि कल्याणजी मेहता या भावांनी पाटीदार मुलांसाठी आश्रम चालवला; बारडोलीच्या 1928च्या सत्याग्रहात हेच दोघं भाऊ संघटक म्हणून पुढे होते. आणि समाजकार्याची देशातली पहिली संस्था, आजची टाटा समाजविज्ञान संस्था (‘टिस’), 1936 मध्ये सुरू झाली ती मुंबईच्या नागपाड्यातल्या नेबरहूड हाउसच्या आधाराने. वस्तीतलं काम आधी सुरू झालं होतं, पदवी मागून आली.

प्राध्यापक : ती ध्येयवादी माणसं होती. सरसकट उदाहरण म्हणून घेऊ नका. तुमचा प्रशिक्षणार्थी भाऊरावांच्या हाताखाली बसणार नाही. तो बसेल तीन तासांत खिडकी बंद करणाऱ्या माणसाच्या शेजारी, आणि त्याच्याकडून जे शिकायला नको तेच आधी शिकेल. मुलांवर खेकसायचं कसं, ‘उद्या या’ म्हणायचं कसं, कुठला कागद खरा लागतो आणि कुठला उगाच मागायचा. अनुभवाने माणूस शहाणा होतोच असं नाही. पुष्कळदा तो फक्त मुरतो.

लेखक : तुमचा हा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि फील्डवर्कचा पुरस्कार करणारे बहुतेक जण त्याला बगल देतात. कामाच्या जागी नुसतं सोडून दिलं तर प्रशिक्षणार्थी त्या जागेची रीत उचलतो. आज कित्येक ठिकाणी फील्डवर्कच्या नावाखाली काय चालतं ते पाहा. सर्वेक्षणाचे फॉर्म वाटणं, कार्यक्रमाचा बॅनर बांधणं, पाहुण्यांसोबतचा फोटो काढणं, आणि शेवटी फाईलवर सही. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास असतात. त्यातून घडलेली माणसं आहेत, आणि तास भरून प्रमाणपत्र घेऊन गेलेलीही आहेत. तासांच्या आकड्यातून दोघांतला फरक कळत नाही. फरक पडतो तो देखरेखीने, आणि तुमचा वर्ग तिथेच लागतो. समाजकार्यात याची चांगली पद्धत आहे, फक्त ती मनावर घेतली जात नाही. दर आठवड्याला रेकॉर्डिंग लिहायचं आणि मार्गदर्शकासोबत आयसीला, म्हणजे वैयक्तिक चर्चेला, बसायचं. समजा, प्रशिक्षणार्थीने लिहिलं : ‘एक मुलगी आली, दाखला चालणार नाही असं सांगितलं, ती गेली.’ तीन वाक्यांची नोंद. आता मार्गदर्शकाचं काम सुरू होतं. कुणी सांगितलं? कुठल्या नियमाने? मुलीने पुढे काय विचारलं? काही विचारलं नाही, तर का नाही? रांगेत तिच्यामागे कोण होतं? या प्रश्नांना उत्तरं देताना प्रशिक्षणार्थीला 1990चा निकालही वाचावा लागतो, स्थलांतराचा अभ्यासही करावा लागतो. तो आधी वाचला असता तर परीक्षेपुरता राहिला असता. अशा वाचनाची सुरतेला उणीव नाही. वीर नर्मद विद्यापीठाच्या आवारात सेंटर फॉर सोशल स्टडीज आहे, 1969 मध्ये आय. पी. देसाईंसारख्या समाजशास्त्रज्ञाने उभी केलेली संस्था. दक्षिण गुजरातच्या स्थलांतरित मजुरांवर यान ब्रेमन यांनी आयुष्यभर काम केलं. खिडकीवर जी मुलं उभी असतात, त्यांच्या बापांवरचा अभ्यास काही किलोमीटरवर पडलेला असतो. आणि दोन जागी काम असावं हा आग्रह मी प्रशिक्षणार्थी मुरू नये म्हणूनच धरतो. एकाच ऑफिसात दोन वर्षं काढली की तिथली खोड हाच नियम वाटू लागतो. पहिली जागा ग्रँटेड (अनुदानित) कॉलेज असेल, तर दुसरी एसव्हीएनआयटी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेसारखी निवासी संस्था असावी. तिथे वसतिगृह आहे, देशभरातून आलेली मुलं आहेत, अडचणी वेगळ्या आहेत.

प्राध्यापक : ठीक. आता मला सांगा, 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, ही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी. तुमची बावीस वर्षांची प्रशिक्षणार्थी रांगेत एका मुलाच्या मागे गेली आणि तो म्हणाला, मला जगायचं नाही. मग? आणि गुप्ततेचं काय? ती संध्याकाळी मैत्रिणीला सांगणार नाही कशावरून?

लेखक : एकटीने समुपदेशन ती करणार नाही. ही मर्यादा लेखी हवी आणि पहिल्याच दिवशी हवी. अशा क्षणी तिने एवढंच करायचं की त्या मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याला योग्य माणसाच्या हाती द्यायचं. नवी सिव्हिल आणि महापालिकेचं स्मीमेर ही दोन मोठी रुग्णालयं शहरात आहेत, 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे. पण ओपीडी कुठल्या मजल्यावर, केसपेपर कुठे निघतो, सोबत कोण जाईल, घरच्यांना फोन कुणी करायचा, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात छापलेलं नाही. ते एकदा स्वतः जाऊन पाहावं लागतं आणि रिकाम्या वेळी पाहिलेलं बरं. गुप्ततेचं म्हणाल, तर मला खिडकीसारखी दुसरी शाळा दिसत नाही. भर रांगेत ‘बक्षीपंचवाले इस तरफ’ अशी हाक मारली जाते. गुजरातेत इतर मागासवर्गाला आजही लोक बक्षीपंच म्हणतात. ती हाक ऐकून मान खाली घालणारा मुलगा जिने डोळ्यांनी पाहिला, तिला गोपनीयतेवर तासभर व्याख्यान द्यावं लागणार नाही. व्याख्यान मी रद्द करत नाही. ते या अनुभवानंतर द्या, म्हणजे ती प्रश्न विचारेल.

आणखी एक गोष्ट. विद्यार्थी-कल्याण म्हटलं की आपण आता पटकन मनाकडे वळतो, आणि इमारत विसरतो. 24 मे 2019 रोजी सुरतेच्या सरथाणा भागातल्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली आणि 22 जणांचा जीव गेला, त्यात बहुतेक वरच्या मजल्यावरच्या क्लासची मुलं होती. त्या मुलांना समुपदेशकाने काय दिलं असतं? जिना मोकळा आहे का, दुसरी वाट आहे का, हे विचारणारं माणूस त्यांना हवं होतं. वसतिगृहाचा आणि वर्गांचा फेरा मारून हे कागदावर उतरवणं मी प्रशिक्षणार्थीच्या पहिल्या महिन्याच्या कामात धरेन. याला मानसशास्त्राची पदवी लागत नाही हे खरं. पण पदवी घेतलेल्यांनी हे आपलं काम नाही असं समजू नये, म्हणून ते शिक्षणातच असायला हवं.

प्राध्यापक : आता पैशांचं बोला. तुमचा प्रशिक्षणार्थी कुठून येणार? त्याच लिंबायत-डिंडोलीतून. त्याचा भाऊ रिंगरोडच्या मार्केटमध्ये कामाला, तो स्वतः संध्याकाळी एखाद्या दुकानात हिशेब लिहितो. त्याने आठवड्याचे पंधरा-वीस तास फुकट द्यायचे? म्हणजे ज्याच्या घरी भागतं तोच हा अनुभव घेणार. आणि मॅनेजमेंटला तर आयतं मिळेल. दोन प्रशिक्षणार्थी बसवले की समुपदेशकाचा पगार वाचला, न्यायालयाचा आदेश पाळल्याचंही दाखवता आलं.

लेखक : दोन्ही गोष्टी मान्य. त्यातली दुसरी मला जास्त सतावते. अमेरिकेत या पदवीचा विद्यार्थी बहुतेक वेळा विद्यापीठातच आठवड्याला वीसेक तास काम करतो, त्याला मानधन मिळतं आणि फीमध्ये सवलतही. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, पण कल्पना आपलीच आहे. ‘कमवा आणि शिका’ महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत वर्षानुवर्षं चालू आहे. ज्या खानदेशातून ही कुटुंबं आली, तिथलं जळगावचं विद्यापीठही ती चालवतं. ग्रंथालयात पुस्तकं लावण्याचे तास मोजून पैसे देता येतात, तर खिडकीवरच्या मदतीच्या तासांचेही देता येतील. आणि ते दिलेच पाहिजेत. बिनपगारी अनुभवाची सक्ती करायची असेल, तर हा अभ्यासक्रम गरिबांच्या मुलांसाठी नाही असं माहितीपत्रकात छापून टाकावं.

मात्र पगारी माणसाचा खर्च वाचवण्यासाठी प्रशिक्षणार्थी बसवायचा असेल तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. कोठारी आयोगाने 1966च्या अहवालात पूर्णवेळ विद्यार्थी कल्याण अधिष्ठात्याची आणि दर हजार विद्यार्थ्यांमागे एका समुपदेशकाची शिफारस केली होती. साठ वर्षांनी न्यायालयाला तेच पुन्हा सांगावं लागलं, यावरून या पदांची आपल्याला किती निकड वाटली ते कळतं. म्हणून अट अशी हवी : जिथे पूर्णवेळ, पगारी, पात्र माणूस नेमलेला आहे तिथेच प्रशिक्षणार्थी पाठवायचा. जागा रिकामी असेल तर विद्यापीठाने त्या कॉलेजला फील्डवर्कचं केंद्र म्हणून मान्यताच देऊ नये. याने केंद्रं कमी होतील. होऊ द्या.

प्राध्यापक : इतकं सगळं मान्य करून तुम्ही माझ्याच बाजूला आला आहात, असं मला वाटतं. मर्यादा, देखरेख, वाचन, मानधन. मग उरलं काय? माझी एकच सूचना आहे. पहिलं वर्ष वर्गात जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी खुशाल खिडकीवर पाठवा.

लेखक : तिथे मात्र आपलं जमत नाही, सर. पहिल्या वर्षी तिने काही करू नये, हे मला चालेल. पण बसावं पहिल्याच सत्रात. बोलायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. वर्षभर वर्गात राहिलेली मुलगी खिडकीवर येते तेव्हा समोरच्याला कुठल्या प्रकरणात बसवायचं हे तिच्या डोक्यात ठरलेलं असतं. त्या नंदुरबारच्या मुलीला ती ‘प्रथम पिढीतील विद्यार्थिनी’ म्हणून ओळखेल आणि तिच्या हातातल्या दाखल्यावर कुठल्या राज्याचा शिक्का आहे हे पाहायचं राहून जाईल. आधी पाहून मग वाचलेलं आणि आधी वाचून मग पाहिलेलं, यांत फरक आहे. तो तुम्हाला मान्य नाही, मला आहे. अभ्यासमंडळाने निर्णय घ्यावा.

प्राध्यापक : मंडळात मी विरोधात मत देईन.

लेखक : द्या. तोवर सुरतेतल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. 2024 पासून गुजरातेतल्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश ‘जीकॅस’ या एकाच पोर्टलवरून होतात. निकाल लागला की फोनवर फॉर्म न उघडणारी मुलं बापाला घेऊन कॉलेजच्या दारात येतात, आणि त्या दिवसांपुरती कॉलेजं मदत कक्ष उघडतात. येत्या हंगामात त्या कक्षात एक टेबल जास्त टाका. त्यावर एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाची, मराठी, हिंदी किंवा ओडिया बोलणारी एक मुलगी बसवा, तिला दिवसाचं मानधन द्या आणि अर्धवट कागद घेऊन परत गेलेल्यांची यादी तिच्याकडून शनिवारी मागून घ्या.